चन्नबसम्माच्या देवळीतला भोपळा

या, असे जवळ सरकून बसा. टाळ जरा खाली ठेवा. बुवांचा फेटा अजून बांधून व्हायचाय, कीर्तनाला अवकाश आहे. तोवर पूर्णेच्या लिंगराजाची आणि त्याच्या भोपळ्याची गोष्ट सांगतो. निजामाच्या राज्यातली आहे, पण खोटी नाही. खोटं सांगत असेन, तर आजचं अख्खं कीर्तन माझं झोपेत जावो!

लिंगराज पूर्णेच्या स्टेशनात मालबाबू होता. स्टेशनामागं बसवंतराव आडत्याची दुमजली इमारत होती. तिथं माडीवरच्या एका खोलीत लिंगराज आणि त्याची बायको शिवम्मा राहायचे. त्यांच्या बरोबर खालच्या खोलीत चन्नबसम्मा, एकटी म्हातारी, लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारी. इमारतीला अंगण होतं, पण त्यावर राज्य बसवंतरावाच्या शेळ्यांचं. त्या शेळ्यांनी एकदा गार्डसाहेबाची हिरवी झेंडी खाल्ली होती, तिथं भाजीपाल्याची काय कथा!

जेठात वीरभद्र महाराजांचं शिवकीर्तन झालं. श्रावणातल्या शिवनाम सप्ताहाला पुन्हा येण्याचं महाराजांनी कबूल केलं आणि लगेच प्रश्न निघाला, शेवटच्या दिवशी महाराजांचं ताट कुणाकडं? हा मान दरसाल बसवंतरावाचा. लिंगराजाला त्याची लग्न झाल्यापासून आस. कीर्तनाच्या भरात तो उठलाच.

"औंदा ताट माझ्याकडं!"

"महाराजाला बाजारची शिळी भाजी वाढणार व्हय रे?" बसवंतराव हसला. "आमच्याकडं मळ्यातली ताजी असती."

"माझी त्याहून ताजी! माझ्या खोलीत दुध्या भोपळा पिकवतो!"

"खोलीत? माडीवर?"

"पलंगापाशी!"

सगळा मंडप हसून लोळला. महाराजांनी हात वर केला. "पिकला तर ताट लिंगराजाकडं. न्हाई पिकला तर बसवंतरावाकडं, कायमचं!"

बायकांच्या बाजूला शिवम्मानं कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्याच दिवशी घासलेटचा रिकामा डबा खिडकीशी आला. त्यात माती आली. मातीमागून बसवंतरावाच्याच शेळ्यांच्या लेंड्या पोत्यानं माडीवर चढल्या. "आवो, हे घर हाय का गोठा?" शिवम्मा नाकाला पदर लावून विचारायची आणि आडावरून घागर भरून जिना चढायची. कारण बी लावणं हे लिंगराजाचं काम होतं, पाणी आणणं नाही!

आणि वेल निघाला की हो! सासरी पहिल्यांदा आलेल्या जावयासारखा ऐसपैस पसरला. पलंगाचा खूर धरला, खुंटी धरली, कंदिलाला मिठी मारली. नवराबायको घरात वाकून चालायला लागले.

"आवो, तांब्या वेलात गेला, काढून द्या!"

"थांब, माझी टोपी धरून ठिवलीय त्यानं! गाडी यायलीय अन् हा सोडंना!"

फुलं तर रग्गड. रोज संध्याकाळी खोलीत पांढरं चांदणं पडायचं. पण भोपळा एक नाही! श्रावण लागला, सप्ताह बसला, तरी लिंगराज पलंगाखाली, कपाटामागं भोपळा धुंडाळतोय. बसवंतराव जिन्याखालून ओरडायचा, "काय लिंगराज, फुलांची भाजी करतू का?"

अशात एका सकाळी खालून घंटा ऐकू आली. घंटेमागून बायकांचा गलका. लिंगराज धावत खाली गेला आणि चन्नबसम्माच्या दारातच थिजला.

वेलाचा एक शेंडा वरच्या खिडकीतून निसटून खालच्या खिडकीत शिरला होता. खिडकीशेजारीच भिंतीतल्या कोनाड्यात म्हातारीची देवाची देवळी. आणि त्या देवळीत, देवाला टेकून, हा एवढा गोल गरगरीत भोपळा! कपाळावर, म्हणजे भोपळ्याला जिथं कपाळ असावं तिथं, भस्माचे तीन पट्टे. डोक्यावर बेलाचं पान. पुढं उदबत्ती.

"मावशी, हा माझा भोपळा!"

"हळू बोल. पूजा चाललीय."

"वेल माझा, माती माझी, लेंड्या माझ्या!"

"लेंड्या तुझ्याच रे बाबा, मी कुठं न्हाई म्हनते? पर त्यानं फुलं तुझ्याकडं ठिवली अन् फळ माझ्या देवापाशी धाडलं. त्याला काई कळत नसंल व्हय?"

"महाराजाच्या ताटाला पाहिजे हो!"

"घे की. भस्म लावलंय. लाव सुरी!"

इथं लिंगराज अडकला. भस्म लावलेल्या वस्तूवर सुरी चालवणारा त्यांच्यात अजून जन्मायचा होता. म्हातारीला समजवायला त्यानं शिवम्माला पाठवलं. ती परत आली हातात खोबऱ्याचा तुकडा घेऊन.

"मागितलास का?"

"कसं मागू? एवढं तेज हाय त्याला! मीबी नारळ फोडून आले."

बातमी फलाटावर गेली. इंजिनं हाकणारे शिट्टी मारून भोपळ्याला नमस्कार घालायला लागले!

शेवटचा दिवस उजाडला. वीरभद्र महाराज थेट चन्नबसम्माच्या खोलीत आले. मागं सगळं पूर्णा. बसवंतरावानं आधीच मळ्यातली भाजी घरी चिरून ठेवलेली.

"पिकला का?" महाराजांनी विचारलं.

"पिकला," लिंगराज रडवेला झाला होता. "पर कापता येईना, महाराज. वाढू काय?"

महाराजांनी भोपळ्याला हात जोडले. मग हळूच म्हणाले, "लिंगराजा, मी काशीला गेलो तवा दुध्या सोडला. जल्मभरासाठी."

"म्हंजे... खातच न्हाई?"

"न्हाई."

"मग त्या दिशी बोलला का न्हाईत?"

"मला वाटलं, पलंगापाशी कशाचा पिकतोय!"

बसवंतरावसुद्धा पोट धरून हसला. पण शब्द तो शब्द. भोपळा पिकला होता, ताट लिंगराजाकडं! शिवम्मानं घाईघाईनं पिठलं-भाकरी केली आणि महाराज वेलाखाली वाकून पोटभर जेवले. उठताना वेलानं त्यांचाही फेटा धरून ठेवला, तो भाग निराळा.

भोपळा देवळीतच राहिला. दिवाळीपर्यंत वाळून खणखणीत झाला. महाराज पुन्हा पूर्णेला आले तेव्हा चन्नबसम्मानं स्वतः तो त्यांच्या झोळीत घातला. "खायचा न्हाई ना? मग वाजवा."

पुढच्या सप्ताहात महाराज उभे राहिले ते त्याच भोपळ्याची नवी एकतारी घेऊन. तार छेडली आणि काय सांगू, मंडप गहिवरला! लिंगराज पुढच्या रांगेत छाती फुगवून शेजाऱ्याला कोपर मारतोय, "माझ्या खोलीतला हाय!"

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं चन्नबसम्माचा आवाज आला, "खोली माझी!"

चला, बुवा उभे राहिले. उचला टाळ. फक्त एक करा. एकतारीचा पहिला सूर निघेल तेव्हा लिंगराजाची आठवण नाही काढली तरी चालेल, तो आपली आपणच करून देतो. आठवण काढा शिवम्माची. घागर घेऊन जिना तीच चढत होती.