सबनिसांचा क्लोजर

संसार असो, साम्राज्य असो की बेसबॉलची टीम, त्यांचा ऱ्हास चांगले पिचर कमी पडल्यामुळेच होतो, असं आमचे सबनीस सांगत. रोमन साम्राज्याचं उदाहरण त्यांनी दिलं तेव्हा आम्ही इथे अमेरिकेत, चँडलरच्या देशी दुकानात तूरडाळीच्या रांगेत उभे होतो.

"डेप्थ पाहिजे हो, डेप्थ!" हे त्यांचं पालुपद. पिचर म्हणजे आपल्याकडचा बोलर, एवढं कळलं तरी पुरे. पहिला दमला की दुसरा, तो दमला की तिसरा, आणि अगदी शेवटी, जिंकत आलेली मॅच संपवायला येतो तो क्लोजर. कुठल्या आडगावच्या लीगमध्ये कोण डावखुरा पोरगा तयार होतोय आणि त्याच्या बदल्यात कोणाला देऊन टाकावं, हे टीमच्या मालकाआधी सबनिसांचं ठरलेलं असे. मालक विचारत नसे, हा भाग वेगळा.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीचाही त्यांनी असाच बंदोबस्त केला होता. सुरुवातीला खणखणीत आवाजाचे कुलकर्णी, मधल्या आरत्या सांभाळायला पुण्याहून नवीन आलेले दोन आयटीवाले, आणि शेवटी मंत्रपुष्पांजलीला सुमनवहिनी, म्हणजे सबनिसांच्या पत्नी. वहिनींचा आवाज लागला की घरांच्या किमतींवरची कुजबुजसुद्धा थांबे.

एकदा फ्रीमाँटच्या मंडळाने वहिनींना बोलावलं.

"बदल्यात काय देता?" सबनिसांनी फोनवर विचारलं.

"दोन ढोलवाले देतो."

"ट्रेड कॅन्सल. क्लोजर देत नसतात."

"अहो, मला विचाराल का कोणी?" वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

त्या वहिनी मार्चमध्ये गेल्या. मूलबाळ नव्हतं. अंत्यविधी आटोपून परत येताना सबनीस एवढंच म्हणाले, "आमच्याकडे डेप्थच नव्हती हो."

त्या उन्हाळ्यात ते जेवणाच्या सुट्टीत आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत एसी लावून एकटेच बसत. ओठ हलत असायचे. मॅच ऐकतायत, असं आम्ही समजलो. रोज दुपारी मॅच नसते, हे कळण्याइतका जाणकार आमच्यात दुसरा कोणी नव्हता.

गणपतीच्या मीटिंगमध्ये करमरकर म्हणाले, "यंदा मंत्रपुष्पांजलीला सीडी लावू या, सबनीस. प्रॅक्टिकल आहे." करमरकर आमचे अध्यक्ष, म्हणजे हॉलची किल्ली त्यांच्याकडे असते.

"सीडी नको. माणूस आहे माझ्याकडे."

"कोण? प्लेनोच्या मंडळाकडून आणताय की काय?"

"वॉर्मअप करतोय," सबनीस म्हणाले आणि उठले.

गणपतीच्या दिवशी आरत्या संपल्या. हातात फुलं घेऊन आम्ही सगळे दाराकडे बघत होतो. दारातून कोणीच आलं नाही. सबनीसच पुढे झाले. आवाज घोगरा, सूर सापडेल तिथला. पण एकही शब्द चुकत नव्हता. अर्ध्यावर आले आणि एकदम थांबले.

करमरकरांनी पुढचा शब्द सुचवला. सबनिसांनी न बघताच हात वर केला. बऱ्याच वेळाने त्यांनी हात खाली घेतला आणि तिथूनच पुढे, शेवटपर्यंत म्हणत गेले.

"विसरला बिचारा," मागून कोणीतरी म्हणालं.

परतताना मी त्यांच्या गाडीत होतो. त्यांनी किल्ली फिरवली आणि कॅसेट सुरू झाली. वहिनींचा आवाज. मंत्रपुष्पांजली अर्ध्यावर आली आणि मागे कुकरची शिट्टी झाली. "अहो, गॅस बंद करा ना," वहिनी म्हणाल्या. मग नुसती खरखर. सबनीस उठून, गॅस बंद करून परत येईपर्यंतची. मग वहिनी पुढे म्हणू लागल्या.

"तिथे थांबायचं असतं," सबनीस समोर बघत म्हणाले.

मी म्हटलं, रेडिओ लावा, मॅच असेल. त्यांनी लावला. आमची टीम पहिल्या इनिंगपासूनच इतकी मागे पडली होती, की क्लोजरची गरजच लागली नाही.