क्रॉफ्टसाहेबांचं न मरणं

क्रॉफ्टसाहेब दर रविवारी सकाळी कर्जतच्या बाजारात, भाजीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला, मरत असत. कधी छातीत तलवार घुसून, कधी विष पिऊन, कधी कोरड्या जमिनीवर बुडून. मेल्यावर उठायचे, पाटलोणीची धूळ झटकायचे आणि विचारायचे, "कोनचं बरं व्हतं? आजचं का मागल्या खेपेचं?"

"मागल्या खेपेला पाय लय झाडलं तुमी," वांगी विकणारी सोनाबाई सांगायची. "आजचं मरान गप व्हतं. आमच्या सासऱ्यावानी."

साहेब ते मनावर घ्यायचे.

मरणं हाच त्यांचा धंदा. विलायतेतल्या एका फिरत्या नाटक कंपनीबरोबर ते मुंबईला आले. कंपनीचा मालक एके दिवशी पेट्यांसकट नाहीसा झाला. बाकीचे नट कसेबसे मायदेशी परतले. क्रॉफ्टसाहेब मूकपटांत शिरले. तिथं गोरा माणूस लागायचा तो नायकाच्या हातून मरण्यापुरता. साहेब घोड्यावरून पडले, गच्चीवरून पडले, आणि आमच्या डोंगरात एका कड्यावरून पडायला आले ते इथली हवा मानवली म्हणून राहूनच गेले. मराठी शिकले ते गाडीवानांकडून. त्यामुळे चेहरा विलायतेचा आणि बोली कर्जतच्या गाडीतळावरची. पुढे बोलपट आले. साहेब तोंड उघडत आणि लोक हसत. मुंबईची बोलावणी थांबली.

आमच्या गणेशोत्सवातल्या नाटकमंडळीचा मी व्यवस्थापक. दिवे, दोर, दाढ्या, तलवारी, कोण कुणावर रुसलं आहे, सगळं माझ्याकडे. साहेबांना आम्ही दर वर्षी फिरंगी सरदाराचं काम द्यायचो. दुसऱ्या अंकात ते मरायचे, आणि ते बघायला खालापूर-लोधिवलीहून लोक बैलगाड्या जोडून यायचे. मरण पसंत पडलं की 'वन्स मोअर' मिळायचा. मग साहेब उठून पुन्हा मरायचे. विलायतेत ही सोय नव्हती, असं ते कौतुकानं सांगत.

एका वर्षी तालमीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"नाना, यंदा मी मरनार नाय."

"मग काय करणार?"

"पडदा पडंपर्यंत जगनार."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना सवय व्हईल."

कारण विचारायला मला सवड नव्हती. नाटक सामाजिक बसवायचं ठरलं होतं, त्यात नवरीच्या बापाचं काम त्यांना देऊन टाकलं. बाप तिसऱ्या अंकात आजारी पडतो, बरा होतो आणि चौथ्या अंकात मुलीची पाठवणी करतो. नवरी आमचा दगडू टेलर, मिशी काढून. जिभेवरचं 'हाय' सोडून 'आहे' म्हणण्याची साहेबांनी महिनाभर तयारी केली. काठोकाठ भरलेली वाटी न्यावी तसा तो शब्द ते न सांडता पलीकडे पोचवत.

नाटकाच्या दिवशी दोन अंक लोकांनी सोसले. तिसऱ्या अंकात साहेब खाटेवर आडवे झाले आणि मंडप जागा झाला. "आता बघ रं," कुणीतरी शेजाऱ्याला ढोसलं. मी विंगेतून बघत होतो. साहेबांचा उजवा हात वर चालला होता, बोटं थरथरत होती. ही सुरुवात मला पाठ होती. बाप मेला असता तर पुढचं लग्न सुतकात अडकलं असतं. उशाशी बसलेला दगडू डोळ्यांनी विनवत होता.

"मरा की, सायेब," मागून आवाज आला. "गाडी जोडायची हाय."

हात हवेतच थांबला. साहेब कोपरावर उठले, लोकांकडे बघितलं, आणि पाठ केलेलं सगळं सोडून म्हणाले, "नाय रं बाबा. पोरीचं लगीन हाय."

 मंडपात हशा पिकला, टाळ्या पडल्या, आणि पाठोपाठ वन्स मोअर. साहेब पुन्हा निजले, पुन्हा उठले. लोकांचं तेवढ्यानं भागेना. चौथ्या अंकात त्यांनी दगडूच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पडदा पडला त्या वेळी साहेब उभे होते.

नाटक संपलं की आमची मंडळी तोंडावरच्या रंगासकट मागच्या बाजूला पिठलं-भाताला बसते. मी पत्रावळी वाटत होतो. साहेब खांबाशी उभे दिसले.

"साहेब, जेवून जा."

"मी बसू?"

"का नाही?"

"दुसऱ्या अंकात मेलो की माजं काम खलास. मी घरला जायचो. वाटंनं तुमचं हसनं ऐकू यायचं. मंग इचार केला, शेवटपर्यंत ऱ्हायलो तर कोनतरी बोलवंल."

साहेबाला आमचं जेवण चालायचं नाही, असं सगळे धरून चालले होते.  दगडू अजून नऊवारीतच होता. शेजारची जागा त्यानं हातानं झाडली.

"बाबा, हितं बसा. लेक जेवतेय आनि बाप उभा, बरं दिसतं का?"

मांडी घालायला साहेबांना दोघांनी धरावं लागलं. त्यांनी फेटा उतरवून शेजारी ठेवला आणि पहिला घास घेतला.

"तिखट हाय," ते म्हणाले, आणि आणखी वाढण्यासाठी पत्रावळ पुढे केली.