अंताजीतात्यांचं शेवाळ

बसा पाहू सगळे, आणि ते खाऊचे डबे आधी बंद करा. एका जंगलात, कुठल्या ते विचारू नका, दर वर्षी सगळ्यांत म्हाताऱ्या प्राण्याचा सत्कार होत असे. शाल, श्रीफळ आणि मग भाषण. भाषणात सत्कारमूर्तींनी दीर्घायुष्याचं रहस्य सांगायचं, अशी तिथली रीत होती.

त्या वर्षी मान होता अंताजीतात्या कासवाचा. वय वर्षं एकशे चाळीस. पहिल्या रांगेत वही उघडून बसला होता सुभानराव मुंगूस. वय वर्षं सात. तुम्हाला सात म्हणजे काहीच वाटायचं नाही, पण मुंगसाला ते चांगलंच झालं. त्याचे वडील आठव्या वर्षी गेले, आजोबाही आठव्याच. आणि त्याची लाडकी नात रंगू, तिचं लग्न होतं पुढल्या वैशाखात. तिच्या वरातीत मनसोक्त नाचायचं, मग काय व्हायचं ते होवो, एवढंच त्याचं मागणं होतं. गुडघे मात्र आत्तापासूनच कुरकुरत होते.

तात्या बोलायला उठले. उठेपर्यंत पाऊण तास गेला.

"रहस्य कसलं आलंय," ते म्हणाले. "माझे वडील दीडशे वर्षं जगले, आजी एकशे साठ. आमच्याकडे सगळेच चिवट. मी आपला बसून असतो."

सभेत चुळबुळ सुरू झाली. माकडांनी जांभया दिल्या. सुभानरावानं वही मिटली. तेव्हा चिटणीस कोल्हा तात्यांच्या कानाशी वाकला. "तात्या, लोक लांबून आलेत. काहीतरी खायचं सांगा."

तात्या स्वभावानं भिडस्त. समोर तळं होतं, तळ्यात शेवाळ होतं.

"शेवाळ," ते म्हणाले. "पहाटे, अनशापोटी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सुभानरावानं ते दोनदा लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं उंदीर सोडले, अंडी सोडली. साप समोरून गेला तरी तो मान फिरवायचा. सापांनाच बिचाऱ्यांना ओशाळल्यासारखं व्हायचं. त्याची बायको ठकूबाई कपाळाला हात लावून बसली.

"अहो, मुंगसानं शेवाळ खाल्लेलं ऐकलंय का कुणी?"

"तू गप. तात्या एकशे चाळीस वर्षांचे आहेत."

"ते कासव आहेत."

"शेवाळ खातात म्हणून," सुभानराव म्हणाला.

चार महिन्यांत त्याची शेपूट सुतळीएवढी झाली. वारा सुटला की तो झाडाला धरून उभा राही आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, की हल्ली फार हलकं वाटतं.

वैशाख आला. वरात निघाली, ढोल वाजू लागला. सुभानरावानं एक पाय उचलला, दुसरा उचलला आणि मटकन खाली बसला. रंगू नवऱ्याला तिथंच सोडून धावत आली.

"आजोबा, तुम्ही नाचणार होतात ना?" तिचे डोळे भरून आले. सुभानरावाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाजूलाच पंगत बसली होती. तात्या तळलेले मासे हाणत होते, तिसऱ्यांदा वाढून घेऊन.

"तात्या, आणि शेवाळ?"

"छे, बुळबुळीत असतं ते. मी कधी तोंडाला लावलेलं नाही."

"मग सांगितलंत कशाला?"

"खरं सांगितलं तेव्हा तुम्ही वही मिटलीत, सुभानराव."

सुभानराव आधी संतापला, मग थोडा रडला. ठकूबाईनं चार उकडलेली अंडी त्याच्यापुढे ठेवली. चौथं पोटात गेल्यावर तो उठला आणि असा नाचला, की ढोल वाजवणाऱ्या अस्वलाचे हात भरून आले. रंगूही त्याचे पंजे धरून नाचली. तात्या पानावरून बघत राहिले.

"एकशे चाळीस वर्षांत," ते हळूच म्हणाले, "मला कुणी नाचायला बोलावलं नाही."

सुभानराव पुढल्या पौषात गेला. आठव्याच वर्षी, घराण्याच्या शिरस्त्याप्रमाणे. त्याच महिन्यात तात्यांचा पुन्हा सत्कार झाला. त्यांनी पुन्हा शेवाळच सांगितलं. खाली बसताना त्यांना फार वाईट वाटलं, पण टाळ्या मागच्यापेक्षा जास्त पडल्या.

तात्पर्य : मुलांनो, वाडवडिलांकडून आयुष्य आलं असेल तर ते गुपचूप वापरावं, आणि कुणी विचारलंच तर एखाद्या पाल्याचं नाव सांगावं. पाला शक्यतो कडू निवडावा. गोड औषधावर कुणाचा विश्वास बसत नाही.