निळं दूध

धाकटीच्या दुधात थोरलीने आयोडीनचा थेंब टाकला आणि दूध निळं झालं. फिकट-बिकट नाही, चांगलं शाईसारखं निळं.

थोरली नववीत होती. विज्ञान प्रदर्शनासाठी तिने विषय घेतला होता 'लहान मुलांच्या दुधाचा दर्जा', आणि नमुना म्हणून घरातलंच दूध निवडलं होतं, कारण ते पहिल्या फटक्यात पास होणार याची तिला खात्री होती. आता आयोडीनने निळं होतं ते पीठ. म्हणजे दुधात पीठ! आणि हे दूध पीत होतं कोण? तर सहा वर्षांची धाकटी, जिच्याबद्दल महिन्यापूर्वीच मुलांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "हाडं वाढायचं वय आहे. कॅल्शियम हवं. दही द्या, चीज द्या, रोज दोन कप चांगलं दूध द्या."

तो 'चांगलं' शब्द थोरलीच्या डोक्यात घण घातल्यासारखा वाजला. तिने निळ्या वाटीचा फोटो काढला आणि आईच्या फोनवरून इमारतीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'मावशींच्या दुधात पीठ सापडलं आहे. मुलांना देऊ नका!!!' तीन उद्गारचिन्हं जरा कमी वाटली, म्हणून आणखी दोन टाकली. आणि समाजसेवा झाल्याच्या समाधानात ती झोपून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आईने नेहमीसारखं दूध घेतलं, कारण ग्रुप उघडून बघायची तिला सवयच नव्हती. सातला पुन्हा बेल वाजली. दारात दूधवाल्या मावशी. हातातला कॅन जवळजवळ भरलेलाच.

"वरच्या पाच घरांनी नको म्हटलं," मावशी शांतपणे म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. "चौदा वर्षं हा जिना चढतेय. भरला कॅन घेऊन खाली उतरायची वेळ आज आली. शोध कुणी लावला?"

थोरली पुढे झाली. मान ताठ. "मी. प्रयोग केलाय मी."

"मग कर की परत. माझ्यासमोर."

थोरलीने कॅनमधलं वाटीभर दूध घेऊन थेंब टाकला. दूध जरासं पिवळट झालं आणि तसंच राहिलं. तिने वाटी हलवली, उजेडात धरली, फुंकर मारून पाहिली. निळं व्हायचं नाव नाही.

"आजचं मुद्दाम चांगलं आणलं असेल," बाबा म्हणाले.

मावशींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. बाबा चष्मा पुसायला लागले.

"सकाळी तुमच्या पातेल्यात हेच ओतलंय," मावशी म्हणाल्या. "त्यातलं घे."

ओट्यावरच्या पातेल्यातलं दूध गार करून थोरलीने थेंब टाकला. निळंशार!

"बघ हं बाळा," मावशी म्हणाल्या, "या दारापासून त्या ओट्यापर्यंत चार पावलं. तेवढ्यात पीठ आलं कुठून?"

शेवटी आजी खाकरली. "पीठ कसलं त्यात! दोन चमचे कॉर्नफ्लोअर. उकळताना ढवळते. हल्ली दूध किती पाणचट येतं! पोरीला जरा दाट नको लागायला?"

"पाणचट?" मावशींचा आवाज पहिल्यांदाच चढला. "माझं?"

"नाही, म्हणजे पाणी मी घालतो," बाबा चष्म्याशीच बोलल्यासारखं म्हणाले. "तांब्याभरच. चहाला उठतो तेव्हा बघतो, तर चमचा उभा राहील इतकं घट्ट असतं. एवढ्याशा जिवाला पचायचं कसं?"

"माझं दूध एवढं घट्टही नसतं हो," मावशी म्हणाल्या.

आता सगळ्यांनी आईकडे पाहिलं. ती मगापासून एकच कप धूत होती. "डॉक्टर कॅल्शियम म्हणाले ना," ती पुटपुटली. "म्हणून दुधाची पावडर. चार चमचे. तुम्ही सगळे उठायच्या आत."

"आणि मला सांगितलं नाहीस?" बाबा म्हणाले.

"तुम्ही सांगितलंत?"

"म्हणूनच ते खळीसारखं लागायचं!" धाकटी खुर्चीवर उभी राहून ओरडली. "मी रोज सांगत होते. तुम्ही म्हणायचात, नाटकं करू नकोस!"

थोरलीने फोन हातात घेतला. तो मेसेज काढून टाकला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. पण मावशी अजून दारातच उभ्या होत्या आणि कॅन अजून भरलेला होता. तिने लिहिलं, 'मावशींचं दूध स्वच्छ आहे, आत्ताच तपासलं. पावडर आईची, पाणी बाबांचं, पीठ आजीचं. चूक माझी. मावशींची माफी मागते.'

"माझं नाव कशाला?" आजी म्हणाली. तोवर मेसेज गेला होता.

ग्रुपवर शुकशुकाट. पाच मिनिटं झाली, दहा झाली. वरच्या मजल्यांवरून मात्र चढे आवाज ऐकू यायला लागले. कुठेतरी भांडं पडलं. कुणीतरी "पण तूच म्हणालास ना!" असं किंचाळलं. मग फोन वाजला.

'मावशींना वर पाठवा. कारण विचारू नये.' तिसरा मजला.

'आमच्याकडेही. कारण विचारू नये.' चौथा.

पाठोपाठ उरलेली तिन्ही घरं.

थोरलीचे डोळे मोठे झाले. "मावशी, म्हणजे त्यांच्याकडेपण..."

"एका बाजूने कॅन धर," मावशी जिन्याकडे वळत म्हणाल्या. "आणि वर गेल्यावर तोंड उघडायचं नाही. प्रत्येक घरात प्रेमळ माणसं असतात."