लोकुलीनं बांध घातला

"ओढ्यातल्या मासोळ्या धरायला काय अक्कल लागते? चिखल तुडवायचा, पाणी उपसायचं, झालं!"

लोकुली एवढं बोलला नसता तर पुढचं महाभारत टळलं असतं. पण बोलला! तेही ताडी पिणाऱ्या चार टोळभैरवांसमोर, आणि मागे बायको उभी. बोकेत्सू दिवसभर ओढ्यात राबून, कमरेएवढ्या चिखलातून टोपली भरून आली होती. तिनं टोपली त्याच्या पुढ्यात आदळली आणि तडक माहेर गाठलं. जाताना घरातल्या मिरच्याही नेल्या. मिरच्या नेल्या म्हणजे प्रकरण गंभीर!

लोकुली रोज भाजकी केळी खाऊन कंटाळला. घर खायला उठलं. खरं सांगायचं तर गड्याला बायकोशिवाय करमेना. शेवटी त्यानं निरोप धाडला. सासूबाईंचं उत्तर आलं, "जावयांना म्हणावं, बायकांच्या रीतीनं, स्वतःच्या हातानं मासोळ्या धरा. पानात बांधून शिजवलेली पुडी आणा आणि मग बायको न्या!"

"हात्तिच्या, एवढंच?" लोकुली म्हणाला. मोठ्या नदीत मगरीच्या नाकाखालून जाळं ओढणारा गडी तो!

पुडी गरमागरम पोचावी म्हणून त्यानं सासुरवाडीच्या वरच्या अंगाचाच ओढा निवडला. पाण्यात लाल शेपटीच्या चंदेरी मासोळ्यांची झुंड होती. एक वळली की सगळ्या वळत. "काय ही शिस्त! आमच्या पंचांना शिकवा जरा," लोकुली खूश होऊन म्हणाला आणि कामाला लागला.

बायका ओढ्याचा एखादा कोपरा अडवतात आणि तेवढाच उपसतात. लोकुली कशाला कोपऱ्यावर भागवेल? त्यानं अख्खा ओढा अडवला! मग घमेल्यानं पाणी उपसू लागला. उपसलेलं काठावरून परत ओढ्यात, शिवाय वरून नवीन येतंच होतं. पाणी गुडघ्याचं कमरेला आलं. मासोळ्या येऊन त्याला हुंगत आणि शिस्तीत परत जात. लोकुली चिडून बांध आणखी उंच करत सुटला.

इकडे खाली सासुरवाडीच्या बायकांनी कडूपणा जावा म्हणून कसाव्याचे कंद डोहात भिजत घातले होते. डोह आटला! कंद उघडे पडले!

"कुठल्या मेल्यानं गिळला गं आमचा ओढा?" अशी बोंब ठोकत, टोपल्या परजत सगळ्या बायका वर निघाल्या. सगळ्यांच्या पुढे सासूबाई!

जावयानं सासूच्या नजरेला पडायचं नाही, ती दिसताच आडोसा गाठायचा, ही पिढ्यानपिढ्यांची रीत. पण बांधावर कसला आडोसा? त्यानं पाठ फिरवली आणि मटकन खाली बसला.

बांध फुटला!

पाणी, चिखल, मासोळ्या आणि जावई, सगळी वरात सासूबाईंच्या समोरून धडाडत गेली. सासूबाईंनीही रीत पाळून डोक्यावरचं फडकं तोंडावर ओढलं आणि त्या झाडामागे गेल्या. वरात थेट डोहात जाऊन थांबली.

"अगं मासोळ्या! पळा, टोपल्या लावा!" बायका धावल्या. बघता बघता टोपल्या भरल्या. बोकेत्सू पोट धरून हसत होती आणि कसाव्याच्या कंदांतून लोकुलीचं मुंडकं तेवढं वर होतं.

झाडामागून सासूबाई म्हणाल्या, "विचार गं त्यांना, हाती किती लागल्या?"

लोकुलीनं दोन्ही हात वर केले. रिकामे! त्याचा चेहरा एवढासा झाला. गेली बायको!

इतक्यात त्याच्या चड्डीत काहीतरी वळवळलं. एकदम, शिस्तीत, सगळ्या एकाच दिशेला!

"आहेत! आहेत!" तो ओरडला. "पण... हातात नाहीत."

"मग कुठे आहेत?" सासूबाईंचा आवाज.

लोकुलीनं खाली चड्डीकडे बोट केलं. बोकेत्सूनं जाऊन आईच्या कानात सांगितलं. झाडामागून असं हसू फुटलं की कावळे उडाले.

"घेऊन जा बाई त्यांना घरी! असा नवरा एकटा सोडायच्या लायकीचा नाही. पण ती पुडी मला नको म्हणावं!"

बोकेत्सू घरी आली, मिरच्यांसकट. तिनं पानात बांधून पुडी झकास शिजवलीही. पण खाल्ली एकट्या लोकुलीनं. बायकोनं तिला बोटसुद्धा लावलं नाही!