नानांचा चहा आणि गल्लीची बोहनी

नाना खेडीकरांच्या घरी चाळण्या किती आहेत, हे त्यांच्या सुनेलाही सांगता येणार नाही. कुलुपं आहेत, पण लावायला तेवढी दारं नाहीत. कंगव्यांनी एक डबा गच्च भरलाय, आणि नानांच्या डोक्यावर म्हणाल तर औषधालाही केस नाही.

कारण एकच. नाना बोहनी करतात. दिवसाच्या पहिल्या विक्रीला तुम्ही पुण्याकडचे लोक भवानी म्हणता, आमच्या जबलपूरला बोहनी. ती लवकर झाली की दुकानदाराचा जीव भांड्यात पडतो. नाही झाली, तर दिवसभर शेजाऱ्याशी धड बोलवतसुद्धा नाही.

चेरीतालहून नाना रोज सकाळी पायी निघतात आणि दीक्षितपुऱ्यात आमच्या गल्लीत येतात. बगलेत कापडी पिशवी, अंगात इस्त्रीचा सदरा. प्रत्येक दुकानासमोर थांबून एवढंच विचारतात, "झाली काय?"

झाली म्हटलं की पुढे. नाही म्हटलं, तर रस्त्याकडे तोंड करून उभे राहतात, गिऱ्हाईक येऊन राहिलं काय ते बघत. कुणीच आलं नाही की पिशवी उघडतात आणि दुकानात जे असेल ते घेतात. चाळणीवाल्याकडून चाळणी, कुलूपवाल्याकडून कुलूप. एकदा तर टिकल्यांचं पाकीट घेतलं होतं! आणि सगळ्या गल्लीची बोहनी होईपर्यंत चहा नाही. कुणी आग्रह केला तर म्हणतात, "अरे, अभी कहाँ! तिकडे कुलूपवाला बसून आहे ना."

आमचे हे म्हणायचे, "म्हातारा पक्का आहे. पहिलं गिऱ्हाईक कुणी परत पाठवत नाही, म्हणून स्वस्तात माल नेऊन राहिला." पण मी नानांसाठी एकदा भाव कमी केला, तर ते माझ्यावरच उखडले. "कम काहून करते? बोहनी अशी रडत करतात काय, संध्या?"

माझं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, लेस, बटणं, दोरे. आमच्या गावचे सलवार सूट कुठे कुठे जातात, आणि ते शिवणारे कारखाने आमच्याच गल्लीबोळांत. तिथले कारीगर माझं गिऱ्हाईक. सकाळी शटर उघडलं की वरच्या मजल्यावरच्या मशिनींचा खडखडाट ऐकू यायचा आणि मी निश्चिंत व्हायची. हल्ली मशिनी दोन घटका चालतात आणि गप्प होतात. बाहेरगावचे व्यापारी फोनवरच दुसरीकडे ऑर्डर टाकतात. त्यात पाइपासाठी रस्ता खोदून ठेवलाय, मालाची गाडी आत येईना. मी गादीवर बसल्या बसल्या कान वर लावून असते. मशीन थांबली की हातातलं काम टाकून वर बघते.

अशात रोज सकाळी एक माणूस येऊन विचारतो, झाली काय! तुम्हीच सांगा, डोकं फिरेल की नाही? एकदा मी फाडकन बोललेच, "नाना, तुम्हाला काहून एवढी फिकीर? तुमचं दुकान आहे काय इथे?"

"फिकीर नाही गं. आपलं पूछ के रखतो," नाना म्हणाले, आणि काळ्या दोऱ्याचं एक रीळ घेऊन गेले. माझ्याकडून ते नेहमी काळं रीळच नेतात. सुई काही कधी घेतली नाही.

मग एका सकाळी नाना त्याच पाइपाच्या खड्ड्यात पडले, हातातल्या नव्याकोऱ्या चाळणीसकट. गल्लीने धावत जाऊन त्यांना वर काढलं. पाय पार वाकडा झालेला, तोंड पांढरं पडलेलं, आणि हा माणूस कुलूपवाल्याला विचारतोय, "तेरी हुई?"

पायाला प्लास्टर बसलं. मी भेटायला चेरीतालला गेले, तेव्हा मनाशी ठरवूनच गेले होते. दसरा झाला की दुकान सोडायचं. जागेच्या मालकाला अजून सांगितलं नव्हतं. घरी ह्यांनाही नाही. म्हटलं, आधी नानांना सांगावं, म्हणजे बरे झाल्यावर बंद शटरसमोर येऊन उभे राहायला नकोत.

मी टेकते न टेकते तोच नाना म्हणाले, "झाली काय?"

आणि मला रडूच फुटलं. "नाही हो नाना. आज नाही, काल नाही. दसऱ्यानंतर बंद करून राहिले मी दुकान."

 नानांनी सुनेला माळ्यावरचा स्टीलचा डबा काढायला लावला. आत चमचेच चमचे. सगळे एकसारखे, एकही वापरलेला नाही.

"ही कुणाची बोहनी केली, नाना?"

"माझी," नाना म्हणाले. "भांड्याचं दुकान होतं ना आपलं. मंदीच्या दिवसांत दुपारपर्यंत कुत्रं फिरकायचं नाही. मग मालती यायची. डोक्यावरून पदर ओढून, जशी काही ओळखच नाही. 'भैया, एक चम्मच देना.' मी म्हणायचो, 'कम नहीं होगा, बहनजी.' बायकोला बहनजी म्हणत होतो मी, बोल! ती घासाघीस करायची, चमचा घ्यायची आणि मागे न बघता चालली जायची. रात्री जेवताना दोघांनीही त्यावर चकार शब्द काढायचा नाही."

सून दारात उभी होती. तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"लोक म्हणतात, नानाचं दुकान मंदीनं बसलं. मंदी तर नेहमीचीच होती, बेटा. मालती गेली. मग दुपारी रस्त्याकडे बघवेना."

मी त्यांच्या पायावरची चादर नीट केली आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी शटर उघडून बसले. मशिनी गप्पच. दुपार झाली, तरी खड्डा ओलांडून कुणी आलं नाही. आता उगाच लांबवण्यात अर्थ नाही म्हणून जागेच्या मालकाला सांगायला फोन हातात घेतला, तर तोच वाजला. नानांची सून होती.

"दीदी, बाबूजींनी सकाळपासून चहा नाही घेतला. पडल्या पडल्या सगळ्या गल्लीला फोन करून राहिले. सगळ्यांची झाली, तुमची एकटीचीच राहिली म्हणतात. घ्या, बोला."

"संध्या," नानांचा आवाज आला. "झाली काय?"

मी रिकाम्या गल्लीकडे बघितलं. "झाली, नाना."

"खोटं बोलते. काय विकलं?"

 माझ्या तोंडातून निघून गेलं, "चमचा. एक बाई आली होती, डोक्यावर पदर घेऊन."

  मला वाटलं, मी काहीतरी भलतंच बोलून बसले.

"कम तो नहीं किया ना?" नानांनी विचारलं.

"एक पैसाही नाही, नाना. खूप घासाघीस केली तिनं."

"करायचीच," नाना म्हणाले. "अच्छा. चलो." आणि लांबून ऐकू आलं, ते सुनेला चहा टाकायला सांगत होते.

जागेच्या मालकाला करायचा तो फोन मी काही केला नाही. तिकडे कुलूपवालाही रिकाम्या रस्त्याकडे बघत बसला होता; त्याचीही माझ्यासारखीच 'झाली' असणार. पदर डोक्यावर घेतला आणि एक कुलूप मागायला त्याच्याकडे गेले.