लूमची खळ

“नीला, धोतराला खळ दोन वाट्या, पातळाला एक. अंदाजाने ओतायची नाही. वाटी घ्यायची!”

सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती, पण कपड्यांना खळ द्यायची म्हटली की नीलाच्या कानाशी हा आवाज यायचाच. त्यांच्या मापाने भाजी कधी खारट झाली नव्हती आणि लोणच्याला कधी बुरशी आली नव्हती. म्हणून रविवारी दुपारी तिने वाटी घेतली आणि मनात देवाचं नाव घेत दोन वाट्या मोजून पातेल्यात टाकल्या. चूक एवढीच झाली, की सासूबाईंच्या दोन वाट्या भाताच्या पातळ पेजेच्या असत. नीलाने टाकली ती कोरडी पावडर, तीही लूमची.

पावडर दिली होती शेजारच्या जोहराने. तिच्या घरचे आठ लूम, म्हणजे यंत्रमाग, होते. सूत लूमवर चढवण्याआधी त्याला खळ पाजतात, म्हणजे धागा तुटत नाही, हे भिवंडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

“वहिनी, पेजेची खळ दुपारपर्यंत टिकते,” जोहरा म्हणाली होती. “ही घाला. भाऊंचं धोतर असं कडक ऱ्हाईल की बघत ऱ्हाल!”

ते खरं झालं.

धोतर साधंसुधं नव्हतं. सत्त्याऐंशी साली नवऱ्याला, प्रभाकररावांना, कावीळ झाली, तेव्हा नीला सोळा सोमवार बोलली होती. ते निर्जळी सोमवार तिने एकही न चुकवता पार पाडले. प्रभाकरराव मात्र दर सोमवारी तिच्यासमोर बसून पोहे खात आणि म्हणत, “मला बरं केलं डॉक्टरने, आणि उपाशी तू!” ती हसून वर लिंबू पिळून देई. आता सतराव्या सोमवारी उद्यापन. यजमान म्हणून त्यांनी शेजारी पाटावर बसायचं, एवढंच तिचं मागणं होतं. ते बसले नाहीत तर व्रत अपुरं.

सोवळ्याचं धोतर तिने काठीने उंच दांडीवर टाकलं आणि कुणी शिवू नये म्हणून सोमवार सकाळपर्यंत स्वतःही त्याला हात लावला नाही. सकाळी काढायला गेली तर ते घडी न मोडता पत्र्यासारखं सरळ खाली आलं आणि भिंतीला टेकून उभं राहिलं.

“हे नेसू की याला दाराची कडी बसवू?” प्रभाकररावांनी विचारलं.

“अहो, आजच्या दिवस चेष्टा नको. गुरुजी आलेत.”

चिंतामणी गुरुजींना दुपारी पडघ्याला दुसरी पूजा होती आणि ते दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. सोवळ्यात वाळवलेलं धोतर हे एवढंच. निऱ्या घालायला दोघं लागली. एक निरी दाबली की दुसरी टणकन उघडे. प्रभाकरराव बाहेर आले ते कडकड वाजत.

“दादा,” उद्यापनासाठी आलेली त्यांची बहीण प्रमोदिनी म्हणाली, “तू धोतर नेसलायस की धोतराने तुला नेसलंय?”

बसायला गेले तर गुडघे वाकेनात. नीलाला आठवलं, खळ जास्त झाली तर पाण्याचा हात फिरवावा. तिने तांब्याभर पाणी शिंपडलं. धोतर एकदम मऊ झालं, प्रभाकरराव मांडी घालून बसले आणि तिने सुटकेचा निःश्वास सोडला. सल्ला अगदी बरोबर होता. फक्त भिजलेली खळ म्हणजे कार्यालयातली पाकिटं चिकटवायचा डिंकच, आणि वर पंखा पाचावर आहे, हे तिच्या लक्षात आलं नाही.

अभिषेक झाला, बेल वाहून झाला, चुरम्याचा नैवेद्य झाला. तास-दीड तास गेला.

“यजमान, उठा. आरती.”

प्रभाकरराव हलले नाहीत. “अहो,” नीला कुजबुजली, “पायाला मुंग्या आल्या का?”

“मुंग्या नाहीत. पाट आलाय.”

त्यांनी जोर केला. ते वीतभर वर उठले आणि त्यांच्याबरोबर पाटही. प्रमोदिनीने तोंडात पदर कोंबला.

“ही कसली खळ हो?” गुरुजी वाकून बघू लागले.

“लूमची,” नीला म्हणाली.

प्रमोदिनीचं हसू थांबलं. “अगं बाई! वहिनी, त्या खळीत चरबी घालतात म्हणे!”

नीलाने हातातलं निरांजन खाली ठेवलं. सोळा सोमवार, पाण्याचा घोट नाही, आणि शेवटच्या दिवशी देवापुढे चरबी? तिचे डोळे भरून आले.

प्रभाकररावांनी ते डोळे पाहिले. मग त्यांनी पिंडीकडे तोंड केलं आणि त्यांचे ओठ हलले. गुरुजींना वाटलं, यजमान मंत्र म्हणताहेत. ते म्हणत होते, “महादेवा, हिचं एवढं निभाव. पुढचे सोळा मी करतो.”

दारात जोहरा नारळ घेऊन उभी होती.

“चरबी?” ती म्हणाली. “अवो ताई, ती भट्टीवर खळ शिजवताना पडते, मागनं. मी आमच्या घरवाल्यांना, हाशिमना, बजावलं, न उघडलेल्या गोणीतली सुकी पावडर आना, कोऱ्या स्टीलच्या डब्यात. वहिनींचं सोवळं मला म्हाईत न्हाय का? बारा वर्सं भिंतीला भिंत हाय! मी डबासुद्धा धुतल्या फडक्यात धरला.”

“पावडर कशाची?” गुरुजींनी विचारलं.

“टॅपिओकाची. साबुदाना करतात ना, त्याच कंदाची.”

गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं, मग पाटाकडे. “जे उपासाला पोटात चालतं, ते धोतराला बाहेरून चालायला काय हरकत? व्रत शुद्ध आहे. आता यजमान सुटे करा.”

“गरम पानी,” जोहराने सांगितलं. “सूत चिकटलं की लूमवर हेच करतात.”

नीलाने बंबातलं पाणी आणलं. यजमानांनी “हर हर महादेव!” अशी आरोळी ठोकली, ती भक्तीची होती असं गुरुजींनी मानलं. पाट सुटला. आरती उभ्याने झाली, ठिबकत्या धोतरात. नीलाचा आवाज शेवटच्या कडव्याला पुन्हा भरून आला, पण या वेळी ती हसत होती.

पुढच्या सोमवारी सकाळी तिने पोह्यांची बशी पुढे ठेवली.

“नको. पोट जड आहे.”

“मग चहा तरी?”

“नको. कार्यालयात लवकर बोलावलंय.”

ती पाणी भरायला मोरीत गेली. तेवढ्यात प्रभाकररावांनी अंगणातल्या बेलाची अकरा पानं मोजून तोडली, रुमालात गुंडाळली आणि फायलींच्या पिशवीत सारली. फाटकाची कडी त्यांनी दोन बोटांनी, आवाज न करता उघडली आणि ते बसथांब्याच्या उलट दिशेला वळले.

“भाऊ, बस तिकडनं सुटते!” जोहरा ओट्यावरून ओरडली.

“माहीत आहे हो,” ते कुजबुजले. “हळू बोला.”

आणि कोपऱ्यावर मागे वळून बघत ते तळ्याकाठच्या शंकराच्या देवळाकडे चालू लागले.